डेल्फीनच्या भट्टीला गिऱ्हाईक

शबॉयगन, विस्कॉन्सिन
रविवार, २८ सप्टेंबर

तीर्थरूप क्लेटस मामांना भाचेजावई नॉर्बर्टचा नमस्कार. (वाकून करतोय असं समजा. खरं तर कालपासून कंबर धरली आहे, तिचं कारण पत्राच्या ओघात येईलच.)

तुमचा नवा खुबा कसा आहे? मागच्या पत्रात लिहिलं होतंत की तो जुन्यापेक्षा बरा चालतो आणि आता दुसऱ्या बाजूचाही बदलून घ्यावा असा मोह होतो. तसं काही करू नका, डॉक्टर लोकांना सवय लागते. ॲरिझोनात अजून लोक अर्ध्या चड्डीत फिरतात म्हणता. इकडे परवा सकाळी गोठलेल्या दवाने गवत पांढरं झालं होतं, त्यामुळे तुमचा हेवा करावा की कीव करावी हे माझं ठरत नाही. शुक्रवारी मासे खायला तिकडे धड जागा मिळाली का? पत्त्यांना चौथा गडी? इकडे तुमच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. म्हणजे बसतात, पण आधी तुमचं नाव काढतात, थोडं वाईट वाटून घेतात आणि मग बसतात.

तुमच्या थोरल्या बहिणीची, रोझेलाबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, प्रकृती वरून झकास आहे आणि गुडघ्यापासून खाली वाईट. फेब्रुवारीत त्या जिन्यावरून पडल्या हे तुम्हाला माहीत आहे. त्या पडल्या नव्हत्या, 'जरा लवकर खाली आले' असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, हेही माहीत असेल. चौऱ्याऐंशीव्या वर्षी चौदा पायऱ्यांच्या घरात एकटं राहणं बरं नाही हे त्यांना पटवायला डेल्फीनला ईस्टर उजाडला. त्या आमच्याकडे यायला तयार झाल्या, पण आमच्या झोपायच्या खोल्या सगळ्या वरच्या मजल्यावर. तळमजल्यावर स्वयंपाकघर, बैठक आणि गॅरेज. तेव्हा गॅरेजचीच खोली करायची, उंबरा काढायचा, रुंद दार बसवायचं, असं ठरलं. सुताराने एक ऑक्टोबरची तारीख दिली. (हा सुतार तारीख देतो म्हणजे तो येतोच, त्याच्या बापाचाही असाच वाईट स्वभाव होता.) आणि गॅरेजमध्ये, तुम्हाला आठवत असेल, डेल्फीनची भट्टी.

तुम्ही गेल्यापासून तिच्यात बरीच भर पडली आहे म्हणून चार ओळी तिच्यावर लिहितो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद धरा. डेल्फीन सव्वीस वर्षं दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर आहे. दुधाच्या टाकीचा आतला सांधा बोटाला लागता कामा नये. लागला तर तिथे दूध बसतं, दूध बसलं की जंतू बसतात आणि जंतू बसले की तपासनीस उभा राहतो. असे सांधे जोडण्यात सगळ्या कारखान्यात तिचा हात धरणारा कोणी नाही, हे मी नवरा म्हणून सांगत नाही. तिचा फोरमन सांगतो, आणि तो तिला घाबरतो म्हणूनही नाही (घाबरतो ती गोष्ट वेगळी). कारखान्याने भंगारात काढलेल्या तीन टाक्या तिने रीतसर चिठ्ठी करून घरी आणल्या आणि अकरा वर्षं शनिवार-रविवार खपून ही भट्टी उभी केली. एका टाकीत पाणी तापतं, दुसरीत मोड आणून भाजलेले जव तासभर गरम पाण्यात मुरतात, तिसरीत त्यांचा गोड रस हॉप्सची फुलं घालून उकळतो. दोन पंप, तांब्याच्या नळीचं वेटोळं, नऊ कॉक आणि खाली चाकं असलेला पोलादी सांगाडा. कुठेही नट ढिला नाही, कुठेही नळी उगाच वळलेली नाही. उजव्या हातात ढवळायचं वल्हं असताना डावा हात जिथे आपसूक जाईल नेमका तिथे कॉक. मात्र डेल्फीनचा डावा हात. ती पाच फूट एक इंच असल्यामुळे ही सगळी करामत पाच फूट एक इंच माणसासाठी आहे, बाकीच्यांनी वाकायचं. मामा, मला बिअरमधलं फार कळत नाही. ती मला दोन ग्लास देऊन फरक विचारते आणि मी 'दोन्ही छान' म्हणतो, यावर आमचा संसार तीस वर्षं चालला आहे. पण ही भट्टी चालू असताना मी खुर्ची टाकून नुसता बघत बसतो. एवढी अक्कल एका बाईच्या दोन हातांत मावते आणि ती बाई माझ्या घरी राहते, याचं मला अजून नवल वाटतं.

तर ही विकायची, असं डेल्फीनने स्वतःच जाहीर केलं. मेमध्ये सासूबाई खोली बघायला आल्या होत्या. गॅरेजमध्ये उपड्या बादलीवर बसून त्यांनी विचारलं, "अगं, मग ही सगळी भांडी कुठे जाणार?" डेल्फीन म्हणाली, "विकतेय. कंटाळा आला मला त्याचा." त्याच दिवशी सकाळी तिने पंपाची मूठ काढून, पॉलिश करून परत बसवली होती. सासूबाई म्हणाल्या, "असं का." (आपल्याकडे 'असं का' म्हटल्यावर पुढे काही बोलायचं नसतं, हे तुम्ही विसरला नसालच, ॲरिझोनात लोक म्हणे मनातलं तोंडावर बोलतात. कसे जगतात कोण जाणे.)

जाहिरात मी लिहिली. "विकणे आहे. घरी बिअर करायचा संच, हाताने बांधलेला, उत्तम स्थितीत. लवकर न्यावा." डेल्फीनने चष्मा लावून 'लवकर न्यावा' खोडलं आणि खाली लिहिलं, "एक दिवस इथे येऊन चालवून दाखवल्याशिवाय मिळणार नाही." मला वाटलं यात काय बिघडतंय? गाडी घेणारा माणूसही एक चक्कर मारून बघतोच. इथे माझं गणित चुकलं. गाडीची चक्कर दहा मिनिटांत संपते. भट्टीची चक्कर सकाळी आठला सुरू होते, दुपारी तीनला उकळी संपते, चारला रस निवतो, पाचला भांडी घासून होतात. आणि एवढं झाल्यावर हाती लागतं ते गोड पाणी. त्याची बिअर व्हायला पुढे तीन आठवडे. आता गिऱ्हाईक म्हणणार की चव बघितल्याशिवाय सांगू कसं, आणि ते रास्तच आहे. शिवाय आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे: ज्याने दिवसभर वल्हं धरलं त्याचा त्या बिअरमध्ये वाटा. तो नेण्यासाठी त्याने तीन आठवड्यांनी यायलाच हवं. तो येतो तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाची चाचणी चालू असते. आता आपला वाटा उचलून, दुसरा घाम गाळतोय ते बघत निघून जाईल इतका उद्धट माणूस या जिल्ह्यात जन्मला नाही. तो बाह्या सरसावतो. म्हणजे त्या बिअरमध्येही त्याचा वाटा.

पहिले आले डॉ. एलरी, मिलवॉकीकडचे दातांचे डॉक्टर. सहा फूट चार इंच, पायात पांढरे बूट. आल्या आल्या विचारलं, यात कॉम्प्युटर कुठे असतो? डेल्फीनने स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि त्यांच्या हातात वल्हं दिलं. तासभर ते तिच्या उंचीच्या सांगाड्यापुढे ओणवे होऊन जव ढवळत होते आणि ती मागून म्हणत होती, "डॉक्टर, दातही असेच काढता का? हलवा की जरा हात!" ते म्हणाले, "बाई, पेशंटला निदान भूल तरी देतो मी." दुपारी त्यांना दुसऱ्या टाकीत कमरेपर्यंत घालून घासायला लावलं. मला वाटलं, हा गृहस्थ परत दिसत नाही. पाच वाजता ते गुडघ्यांवर हात आपटून "चला तर" म्हणाले आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सव्वासहाला निघाले. पाऊण तास दारात आणि अर्धा तास गाडीची काच खाली करून. तीन आठवड्यांनी आले ते रबरी बूट घालून, बायकोने केलेलं बटाट्याचं सॅलड घेऊन. ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही मी केली?" भट्टी घ्यायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. पण तेव्हापासून एकही शनिवार त्यांनी चुकवलेला नाही.

दुसऱ्या आमच्या चर्चच्या नव्या पाद्रीणबाई इन्गा. चर्चच्या छपरासाठी बिअरचा जलसा करावा असं त्यांच्या मनात होतं. बाई कामाला वाघीण, उंचीही डेल्फीनएवढीच, त्यामुळे मला वाटलं जमलं! तर उकळी येत असताना त्या मला देवाच्या दयेविषयी काही तरी सांगू लागल्या आणि रस उतू गेला. डेल्फीन म्हणाली, "पाद्रीणबाई, दया नंतर. आधी ज्योत कमी करा." त्यांनी ते पुढच्या रविवारी प्रवचनात घेतलं. खरंच, अख्खं प्रवचन त्यावर होतं आणि डेल्फीन पहिल्या बाकावर लालबुंद होऊन बसली होती. भट्टी घेतली का? नाही. "इथली मजा चर्चच्या तळघरात यायची नाही," म्हणाल्या. त्याही शनिवारी येतात, लिंबाच्या वड्या घेऊन.

असे एकामागून एक आले आणि कोणीही गेला नाही. ऑगस्टच्या मध्याला आमच्या गॅरेजमध्ये दर शनिवारी अकरा माणसं, चार प्रकारची सॅलडं, ताज्या चीजचे करकरणारे तुकडे आणि शेगडीवर ब्राट सॉसेज. उरलेला चोथा शेजारच्या गायींना जातो, तर तो शेजारीही 'गायींच्या वतीने' येऊन बसू लागला. सगळे येताना काही तरी आणतात, जाताना बिअर नेतात आणि भट्टी जिथल्या तिथे. मी एकदा चिडून म्हणालो, "अगं, तू विकते आहेस की शाळा काढली आहेस?"

"झाकण कधी काढायचं हे ज्याला कळत नाही त्याच्या घरी कशी देऊ?"

"आपल्या मुलीच्या वेळी जावयाला तू दोन प्रश्न विचारले होतेस. दोनच!"

"तिला तोंड होतं. हिला नाही," डेल्फीन म्हणाली आणि पंप चालू केला. (पंप चालू असताना मी बोललेलं ऐकू येत नाही असा तिचा दावा आहे.)

मी चिडायचो, पण मामा, तिच्यावर नाही. मला भिंतीवरची दिनदर्शिका दिसत होती. सुतार यायला सहा आठवडे, मग पाच. सासूबाई तिकडे रोज चौदा पायऱ्या चढत-उतरत होत्या आणि विचारलं की "आज चढलेच नाही मी" म्हणून सांगत होत्या. डेल्फीन दर सकाळी कामावर जाण्याआधी त्यांच्याकडे जायची, त्या वरून खाली आल्या की मगच निघायची. आईला इथे आणायचं हे तिला हवंच होतं, माझ्यापेक्षा दसपट हवं होतं. फक्त त्यासाठी जे घराबाहेर काढायचं, ते काढायला तिचा हात होत नव्हता. आणि हे ती माझ्याजवळही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. कसं विचारणार? आपण काय ॲरिझोनात राहतो?

मग ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी केंग वांग आला. मॅनिटोवॉकच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग वेल्ड करतो, चाळिशीचा, बोलणं मोजकं. येताना आईने दिलेला चिकट भात आणि मिरचीची चटणी घेऊन आला होता. (त्या चटणीने डॉ. एलरींची बोलती सव्वा तास बंद केली. त्या दिवसापासून चटणीची मागणी आहे.) त्याने किंमत विचारली नाही, कॉम्प्युटर विचारला नाही. खिशातून बारीक टॉर्च आणि दांडीचा आरसा काढला, तिसऱ्या टाकीत डोकं घातलं आणि वीस मिनिटं काढलंच नाही. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "हे वेल्डिंग कोणी केलं?" सगळ्यांनी डेल्फीनकडे बघितलं. तो म्हणाला, "ताई, मी अठरा वर्षं हेच काम करतोय. हा सांधा मला जमणार नाही." अकरा वर्षांत त्या भट्टीचं कौतुक पुष्कळांनी केलं, पण त्या टाकीत नेमकं कुठे बघायचं हे कळणारा तो पहिला. डेल्फीन आत जाऊन उगाच पाणी पिऊन आली.

त्याने दिवसभर काम केलं ते असं की तिला एकदाही टोकावं लागलं नाही. मग तीन आठवड्यांनी, म्हणजे वीस तारखेच्या शनिवारी, बिअर चाखली, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मी नेतो." डेल्फीन म्हणाली, "ठीक आहे." मग भावावरून दोघांचं अडलं, कारण तो वाढवत होता आणि ती कमी करत होती, शेवटी पाद्रीणबाईंनी मध्ये पडून दोघांना थांबवलं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. भट्टी योग्य माणसाच्या घरी चालली होती, पुढच्या शनिवारी ती गेली की सुतार येण्याआधी चार दिवस हातात होते, सासूबाईंची खोली होणार होती. मी खूश होतो, मामा. निदान सोमवारपर्यंत होतो.

सोमवारपासून डेल्फीन भट्टी सुटी करायला बसली. प्रत्येक नळीला आकड्याची चिठ्ठी, प्रत्येक कॉक जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. आणि केंगसाठी तिने एक वही लिहिली. तुम्हाला माहीत आहे, ती वाढदिवसाच्या कार्डावर स्वतःचं नाव सोडून काही लिहीत नाही. ही एकोणीस पानं. मी गुरुवारी ती चोरून वाचली. "चार नंबरचा कॉक रुसतो. जोर लावू नका, पाव फेरा मागे घ्या आणि मग फिरवा." "उजवीकडचा पंप सुरू होताना खोकतो, ते त्याचं नेहमीचं आहे, काळजी नको." "थंडीत सांगाड्याला हात लावण्याआधी हातमोजे घाला, मी घातले नव्हते." आणि शेवटच्या पानावर, "पहिली उकळी येताना हिला एकटी सोडू नका." मी तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदके देऊन आलं. शेजारी चोथ्याची रिकामी बादली न्यायला आला होता, त्याने बघितलं, "वारा सुटलाय आज," म्हणाला आणि बादली न घेताच परत गेला. फार भला माणूस आहे.

काल सकाळी नऊला केंग ट्रक घेऊन येणार होता. साडेआठला डेल्फीन म्हणाली की ब्राट संपलेत, आणायला जाते. आमच्या फ्रीजरमध्ये चार डझन ब्राट आहेत. मी म्हटलं, जा. दुपारी बाराला ती परत आली तेव्हा गॅरेज रिकामं होतं, मी जमिनीवर आडवा होतो आणि माझी कंबर गेली होती. (दोन माणसांनी पोलादी सांगाडा ट्रकवर चढवू नये, चार लागतात.) तिने विचारलं, "गेली?" मी म्हटलं, "गेली." "बरं झालं," म्हणाली, आणि झाडू घेऊन स्वच्छ जमीन झाडायला लागली.

तर एकंदरीत भट्टीचा प्रश्न सुटला. बुधवारी सुतार येईल, थँक्सगिव्हिंगपर्यंत सासूबाई इथे असतील. तुम्ही खुबा सांभाळा, उन्हात टोपी घाला, आणि तिकडच्या लोकांसारखं मनातलं तोंडावर बोलायची सवय लावून घेऊ नका.

तुमचा,
नॉर्बर्ट

ता. क. एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. भट्टी केंग वांगने नेलेली नाही. ती तुम्ही विकत घेतली आहेत.

झालं असं की तो ट्रकमधून उतरला, मी त्याला ती वही द्यायला गेलो आणि माझ्या हातातून वही सुटेना. तोंडातून निघून गेलं की भट्टी आधीच विकली गेली. त्याने विचारलं, कोणाला? कोणाचं नाव घ्यावं सुचेना, तर तुमचं घेतलं. "डेल्फीनच्या मामांना. त्यांनी हट्टच धरला." मला वाटलं तो चिडेल, मला चार शिव्या देईल. त्याने माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. मग म्हणाला, "घरातच राहतेय, छान झालं. मामा कुठे राहतात? ट्रक आणलाच आहे, पोचवून देतो." आता मामा ॲरिझोनात राहतात म्हटलं असतं तर हा मुलगा तिथवरही निघाला असता. म्हणून तळ्याकाठच्या तुमच्या बंद शेडचा पत्ता सांगितला. भट्टी तिथे आहे. कुलूप गंजलेलं होतं, ते कापावं लागलं. नवं लावलंय, एक किल्ली सोबत पाठवतोय. तुमची होडी बाहेर काढून उपडी ठेवली आहे, तिच्यावर ताडपत्री टाकतो.

डेल्फीनला काल संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "असं का."

तेव्हा विनंती एवढीच की ती पुढच्या रविवारी फोन करेल, त्या वेळी 'हो, घेतली मी' असं म्हणा. भाव असा ठरला आहे की दर उन्हाळ्यात दोन पिंपं बिअर तुम्हाला द्यायची, आणि भट्टीला गंज चढू नये म्हणून डेल्फीनने अधूनमधून शेडमध्ये जाऊन ती चालवायची. तुम्हाला बिअर आवडत नाही, तुम्ही फक्त ब्रँडी घेता, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी ब्रँडी बंद केली म्हणा. विषय वाढला तर खोका.

ता. क. (डेल्फीनच्या हातचं) मामा, मी डेल्फीन. पाकीट मी वाफेवर उघडलं. केंगने काल दुपारीच फोन केला होता, त्यामुळे मला सगळं कळलं होतं. ही कल्पना चांगली आहे असं तो म्हणाला, मिरच्या पाठवतोय. तू भट्टी विकत घेतलीस यावर आपल्या घरातलं मांजरही विश्वास ठेवणार नाही. तरी तू फोनवर 'हो' म्हण. तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाच खोटं बोललाय, आणि तेही इतकं वाईट की मोडवत नाही. मी वहीसुद्धा शेडमध्ये भट्टीपाशीच ठेवून आले. शेडचं छप्पर गळतंय, ते वसंतात बघते. आईला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस, मला कंटाळा आला असंच तिला वाटतंय. हे पत्र उद्या सकाळी कामावर जाताना तिच्याच दारातल्या पेटीत टाकते, म्हणजे पोस्टमन दहाला तिथून उचलेल आणि नॉर्बर्टला पाकिटाचा डिंक दिसणार नाही.

(मागच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने) क्लेटस, डिंक धरला नव्हता, पाकीट माझ्या हातातच उघडलं. गुडघे गेलेत माझे, डोळे नाहीत. म्हणे कंटाळा आला! जिथून माझ्या मुलीला बाहेर काढलं त्या खोलीत मला झोप येईल असं या दोघांना वाटलं तरी कसं? सुताराला मी आत्ताच फोन केला. गॅरेज लांबलचक आहे, भिंत मधोमध घाल आणि तिला एक दार ठेव म्हटलं. आपण पाच भावंडं एका खोलीत झोपलो, मला किती जागा लागते? त्या वांगच्या आईशीही बोलले. समजूतदार बाई आहे. शनिवारी तिचा मुलगा भट्टी परत आणायला ट्रक घेऊन येतोय, या खेपेला चार माणसं घेऊन.

तू आता रविवारी सगळ्यांना नुसतं हो म्हण. नॉर्बर्टला सांग, तू घेतलीस. डेल्फीनला सांग, तू घेतलीस. आणि मग सांग की घेतली ती रोझेलाला तिच्या नव्या घरात भेट द्यायला. म्हणजे कोणी खोटं ठरत नाही, आणि तुझंही नाव होईल. नाहीतरी आजवर बहिणीला दिलंयस काय!